अब्बांचा गळा

आमच्या गावच्या मशिदीत अब्बांनी तीस वर्षे अजान दिली. भोंगा नव्हता तेव्हाही त्यांची फजरची अजान ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जायची. 2005 च्या उन्हाळ्यात मात्र तो गळा एकाएकी गप्प झाला.

त्याच वर्षी जानेवारीत अब्बा हज करून आले होते. पुढे दोन महिन्यांनी ते धाकट्या भावाकडे दिल्लीला राहायला गेले. त्या उन्हाळ्यात दिल्लीत मेंदूज्वराची साथ आली. भावाच्या सहा वर्षांच्या मुलीला एका रात्री सणकून ताप भरला, मान ताठ झाली, अंगावर जांभळे ठिपके उठले. मी सोलापूरहून पोचलो तेव्हा ती बेशुद्ध होती. अल्लाहच्या मेहेरबानीने पोर वाचली. पण डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले.

भेटायला येणारे हलक्या आवाजात बोलत. एका नातेवाईक बाईंनी तर विचारलेच, "हाजीसाहेब तिकडून काही घेऊन तर आले नाहीत ना?" अब्बांनी ते ऐकले. त्या दिवसापासून ते तोंडाला रुमाल बांधून कोपऱ्यात बसू लागले. नातीजवळ जाईनात. एका रात्री मला म्हणाले, "बेटा, तू ये जंतूकाच पढाता ना? सच बोल. मेरे गले मेंसेच गया क्या?"

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. वर्गात सांगायला सोपे असते. मेनिंगोकोकस हा जंतू शंभरातल्या पाच-दहा धडधाकट माणसांच्या घशात मुक्कामाला असतो. त्यांना काही होत नाही. महिनोन् महिने राहतो आणि आपसूक निघून जातो. कुणा एखाद्याच्याच रक्तात उतरतो आणि घात करतो. हजच्या गर्दीत तो पसरतो हेही खरे. 1987 मध्ये हाजींमध्ये साथ आली, 2000 मध्ये डब्ल्यू-135 नावाच्या प्रकाराची आली, म्हणून 2002 पासून चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली. अब्बांनी ती घेतली होती. पण त्या काळची ती लस माणसाला आजारापासून वाचवायची. घशातला जंतू घालवण्याची खात्री तिच्यात नव्हती. हे मी बापाला कोणत्या तोंडाने सांगणार?

मुलीच्या घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांनी लगेच सिप्रोफ्लॉक्सासिनची एकेक गोळी दिली होती. रीत तीच आहे. घरात रुग्ण निघाला की जवळच्यांच्या घशाची तपासणी करत बसत नाहीत, चोवीस तासांत सगळ्यांना औषध देतात. कारण पुढचा रुग्ण त्याच घरात निघण्याचा धोका शेकडो पटींनी असतो. पण तीन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. मुलीच्या अंगातला जंतू सिप्रोला दाद देत नव्हता. त्या साथीत दिल्लीत असे जंतू सापडले, हे पुढे संशोधकांनीही नोंदवले.

मग पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला रिफाम्पिसिन, दर बारा तासांनी, दोन दिवस. भावजय गरोदर होती, तिला सेफ्ट्रियाक्सोनचे एक इंजेक्शन. लघवी केशरी झाली तसे अब्बा घाबरले. मी म्हणालो, "अब्बा, औषधाचा रंग आहे. दोन दिवसांत जाईल." रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे मोठे हत्यार. ते ऊठसूट वाटले तर उद्या तेही बोथट होईल, म्हणून शेजारपाजारच्यांना आणि गल्लीतल्या निरोगी माणसांना ते देत नाहीत. नुसता घशात जंतू आहे, एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

परतण्यासाठी सामान बांधताना अब्बांच्या हजच्या पिशवीत एक पाकीट सापडले. सिप्रोफ्लॉक्सासिन, दहापैकी सहा गोळ्या उरलेल्या. मीनात खोकला झाला तेव्हा बरोबरच्या कुणीतरी दिल्या होत्या. चार खाल्ल्या, बरे वाटले, सोडल्या. मी रागावलो नाही. माझ्या घरीही जुलाब झाले की असेच चालायचे. खोकल्यासाठी घेतलेली गोळी घशातल्या साऱ्या जंतूंपर्यंत पोचते. कच्चे मरतात, पक्के उरतात. अमेरिकेच्या लष्करात हेच घडले होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे घसे सल्फाच्या गोळ्यांनी साफ व्हायचे. 1963 मध्ये त्यांच्या छावण्यांत सल्फाला न जुमानणारा मेनिंगोकोकस उभा राहिला. लसीचा शोध त्यातूनच जोमाने सुरू झाला.

मी अब्बांना म्हणालो, "कुणाच्या घशातून गेला ते आता कुणालाच सांगता येणार नाही. औषधाआधी तपासणी झालेली नाही. तो भावाच्या दुकानातून आला असेल, शाळेतून आला असेल. जंतू घशात असणे हा गुन्हा नाही. पण औषध निकामी होण्यात आपला सगळ्यांचा हात आहे. माझाही." ते काही बोलले नाहीत. गावी आल्यावरही अजान दुसराच कुणी देत राहिला.

त्या वर्षी ईदला पोर गावी आली. फजरला उठून तिने अब्बांचा हात धरला आणि उजवा कान त्यांच्याकडे करून म्हणाली, "दादा, आज आप दो ना." अब्बांनी दिली. आवाज मध्येच फाटला, पण शेवटपर्यंत दिली.

पुढे 2010 मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ए प्रकारावरची नवी लस बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये पोचली. मी अब्बांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारले, "गले मेंसे भी जाता?" म्हटले, हो, ही लस घशातूनही घालवते. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. 2024 मध्ये पुण्याचीच पाच प्रकारांवरची लस नायजेरियात दिली गेली, ते पाहायला ते नव्हते.

ते सहा गोळ्यांचे पाकीट अजून माझ्याकडे आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी ते मुलांसमोर ठेवतो आणि विचारतो, यातल्या चार गोळ्या कुठे गेल्या असतील?