दोन ओळींची ओवी

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात नाताळनिमित्त काव्यस्पर्धा झाली. मराठीचा शिक्षक म्हणून परीक्षणाचे काम माझ्याकडे आले. एका वृद्ध बाईंनी पवित्र मरियेवर रचलेल्या, कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या ओव्या त्यात होत्या. प्रत्येक ओवी दोनच ओळींची, अक्षरांचा मेळ नाही. ‘ही ओवी नव्हे’ असा शेरा मारून मी तो कागद बाजूला ठेवला.

माझ्या लेखी ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीची. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय इंग्रज धर्मगुरूंनी हाच साचा घेतला आणि सुमारे ११ हजार ओव्यांत तारणाची कथा मराठीत आणली. अभंगाचा हिशेब याहून कडक. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण. वर्गात मी हे फळ्यावर मोजून दाखवीत असे. वृत्तांच्या लघु-गुरूंनी तर मुले रडकुंडीला येत!

पुढे भोर तालुक्यातील कामथडीला एका स्नेह्यांकडे लग्नाला गेलो. हळदीसाठी अंगणात जाते मांडले होते. खुंट्याला दोघी बसल्या. एकीने ओळ उचलावी, दुसरीने ती झेलावी. शब्द कमी पडले तर ‘बाई’, ‘गं’ यांनी जागा भरे. जास्त झाले तर ते त्याच फेऱ्यात भरभर म्हटले जात. सवयीने मी बोटांवर अक्षरे मोजू लागलो आणि प्रत्येक वेळी चुकलो. ते माप अक्षरांचे नव्हतेच, दगडाच्या फेऱ्याचे होते. दुसरी ओळ संपली की ओवी संपे आणि जात्यात मूठभर हळकुंडे पडत.

घरी येऊन पुस्तके पुन्हा काढली. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. हा उल्लेख मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितला होता. परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर मात्र तो आठवला नाही.

दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर त्या बाईंच्या घरी गेलो. कागद त्यांनी जपला नव्हता, ओव्या मात्र पाठ होत्या. मी वही उघडली. त्यांनी आधी विचारले, “मास्तर, किती ओळींची पाहिजे?”