खुर्ची आणि पाळणा

मनुष्याच्या करमणुकीचा इतिहास जो कोणी लिहील त्याला एक गोष्ट मान्य करावी लागेल. चाक जन्मास आलें तें ओझें वाहण्यासाठीं हें खरें. परंतु माणसाला निष्कारण फिरवून आणण्याच्या कामींहि त्यानें कांहीं कमी पराक्रम केलेला नाहीं. १८९३ सालीं शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस नांवाच्या एंजिनियरानें २६४ फूट उंचीचें एक प्रचंड चाक उभें केलें. त्याला ३६ डबे होते व एकेका डब्यांत साठ माणसें मावत. हीं माणसें जेथें चढत तेथेंच परत उतरत. म्हणजे प्रवास या दृष्टीनें पाहिलें तर ही शुद्ध फसवणूकच! तथापि लोक पदरचे पैसे देऊन ती मोठ्या आनंदानें करून घेत. आमच्या जत्रेंतला पाळणा याच कुळांतला.

चाकाचें दुसरें घराणें जरा गंभीर प्रकृतीचें आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट या अमेरिकन गृहस्थाचा कणा खाणींतील अपघातांत मोडला होता. १९३० नंतरच्या दशकांत त्याच्या हॅरी जेनिंग्ज नांवाच्या एंजिनियर मित्रानें त्याच्यासाठीं पोलादी नळ्यांची, घडी घालून मोटारींत ठेवितां येईल अशी चाकांची खुर्ची तयार केली. ज्या खुर्चींत बसून आम्ही हा मजकूर लिहीत आहों ती तिचीच वंशज होय. कोल्हापुरास १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभारणाऱ्या नसीमा हुरजूक यांनीं आपल्या आत्मचरित्राला ‘चाकाची खुर्ची’ हेंच नांव दिलें, आणि त्या पुस्तकाबरोबर ही खुर्ची अनेक मराठी घरांत वाचनाच्या रूपानें तरी शिरली.

एकाच चाकाचीं हीं दोन घराणीं. पण त्यांची सोयरीक मात्र आमच्याकडे अद्याप जुळलेली दिसत नाहीं. ज्याच्या बसण्याखालीं अष्टौप्रहर चाकें आहेत त्यालाच गमतीच्या चाकावर बसण्याची बंदी, असा हा विलक्षण न्याय आहे. त्याविषयीं चार शब्द लिहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

आम्ही जळगांवच्या एका महाविद्यालयांत गेलीं सत्तावीस वर्षें इंग्रजी साहित्य शिकवीत आहों. वडिलार्जित घर धुळ्यास. दोहोंमध्यें अंतर सुमारें ९० किलोमीटरांचें, आणि सणावारीं तें कापण्याचा परिपाठ जुना. सहा वर्षांपूर्वीं याच रस्त्यावर मोटारीला अपघात झाला व कमरेखालचें शरीर आमचें म्हणणें ऐकेनासें झालें. त्याचें रडगाणें येथें गावयाचें नाहीं. अध्यापकाला बसून शिकवितां येतें. आणि विद्यार्थ्यांचें लक्ष पूर्वीं जितकें नसे तितकेंच तें आतांहि नसतें. शेक्सपिअर शिकविण्यास पाय लागत नाहींत. ते लागतात रविवारीं आणि सुटींत, जेव्हां घरांतलीं माणसें ‘चला, कोठें तरी जाऊं’ असें म्हणतात तेव्हां.

धुळ्यास पांझरेच्या कांठीं एकवीरा देवीचें देऊळ आहे व चैत्रांत तेथें यात्रा भरते. लहानपणापासून त्या यात्रेचें आम्हांला वेड. अपघातानंतर दुसऱ्याच वर्षीं धाकट्या भावानें हट्ट धरिला, ‘‘दादा, यंदा यायचंच.’’ आम्ही गेलों. जत्रेच्या जमिनीवर चाकांची खुर्ची चालविणें म्हणजे नांगरलेल्या शेतांत सायकल चालविणें होय. दगड, धूळ, उसाचीं चिपाडें, तंबूंचे ताणलेले दोर! परंतु दर दहा पावलांवर कोणी अनोळखी मनुष्य पुढें होई, आणि आमची संमति विचारण्यांत वेळ न दवडतां खुर्चीसकट आम्हांला उचलून पलीकडे ठेवी. पाळण्यापाशीं आल्यावर आम्ही नको नको म्हणूं लागलों, तों पाळणेवाला अहिराणींत म्हणाला, ‘‘तुम्ही कसाले घाबरतस? आम्ही शेतस ना!’’ या तीन शब्दांच्या आश्वासनावर आमचा खटला निकालांत निघाला. चौघांनीं आम्हांला अल्लद उचलून पाळण्यांत ठेविलें, भाऊ शेजारीं बसला आणि रिकामी खुर्ची खालीं राहिली.

खोटें कशाला बोलावें? वर गेल्यावर फार सुख झालें. दोन वर्षें आम्ही जग पाहत होतों तें इतरांच्या कोपरांच्या उंचीवरून. त्या क्षणीं सगळीं कोपरें, सगळ्या टोप्या, सगळे रस्ते आमच्या खालीं होते. दक्षिणेकडे लळिंगच्या किल्ल्याची कड संध्याकाळच्या उजेडांत काळी दिसत होती. पण फेरा संपला आणि असें आढळून आलें कीं, आम्हांला चढविणाऱ्या चौघांपैकीं तिघेजण गर्दींत दिसेनासे झाले आहेत. भाऊ व पाळणेवाला या दोघांच्यानें आम्ही उतरण्याजोगे नव्हतों. पाळण्यांतलीं इतर माणसें खोळंबलेलीं. तेव्हां पाळणेवाल्यानें शांतपणें पुन्हां चाक फिरविलें. असे आणखी तीन फेरे झाले, आणि तेहि फुकट! आम्ही वरून हात हालवून मदत मागत होतों. खालीं आमची पत्नी, स्वारी आज फार खुषींत आहे असें समजून उलट हात हालवीत होती.

त्या चार फेऱ्यांत आम्हांला जें तत्त्वज्ञान सांपडलें तें पुस्तकांत सांपडलें नव्हतें. उचलला गेलेला मनुष्य चढतो तो लोकांच्या इच्छेनें, आणि उतरतो तोहि लोकांच्याच सवडीनें. उचलणाऱ्यांच्या मायेविषयीं शंका नाहीं. खानदेशी माणसाच्या हातांत ती आहेच. पण माया म्हणजे कांहीं वेळापत्रक नव्हे.

आतां दुसऱ्या टोंकाची हकीकत. गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलाच्या हट्टास्तव आम्ही एका दूरच्या शहराजवळील करमणूक-उद्यानांत गेलों. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें तेव्हांपासून जगभर जीं अशीं उद्यानें निघालीं त्यांपैकींच हें एक. नांवाशीं वाचकांस कर्तव्य नाहीं. बरोबर आई, पत्नी, महाविद्यालयांत शिकणारी कन्या व शाळेंतला चिरंजीव. आरंभ उत्तम झाला. फाटकापासून सर्वत्र फरसबंदी, आणि पायऱ्या असतील तेथें शेजारीं उतरण. उतरणीचा नियम असा आहे कीं, एक फूट चढावयाचें असेल तर निदान बारा फूट लांबी हवी. याहून उभी असली कीं ती उतरण राहत नाहीं, घसरगुंडी होते. येथें हा नियम पाळलेला होता. गमतीची गोष्ट ही कीं, त्या उतरणीचा खरा लाभ झाला आमच्या मातोश्रींना. गुडघ्यांमुळें त्या पायऱ्यांना भितात. आमच्या खुर्चीची पाठ धरून त्या सावकाश वर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बरं झालं रे, तुझ्या निमित्तानं माझीही सोय झाली.’’ त्यांच्या मागून बाळगाडी ढकलीत एक जोडपें आलें, आणि त्यांच्या मागून थंड पेयांच्या पेट्या घेऊन एक हमाल!

पण पहिल्याच यंत्रापाशीं पाटी दिसली: ज्यांना स्वतः चालतां येत नाहीं त्यांना प्रवेश नाहीं. तेथील तरुण सेवक अत्यंत विनयशील होता. तो म्हणाला, ‘‘सर, नियम आहे.’’ नियमाच्या मागें अर्थ आहे हें आम्हीहि जाणतों. यंत्र उंचावर बंद पडलें तर प्रवाशांना अरुंद जिन्यानें पायींच खालीं आणावें लागतें. आणि पाळणा उलटा होतो तेव्हां नुसता पट्टा पुरत नाहीं, धड सांवरण्याची शक्ति अंगीं असावी लागते. तेव्हां अशा यंत्रापुढें आम्ही मुकाट्यानें मान लवविली. परंतु हीच पाटी दुसऱ्या यंत्रावर, तिसऱ्यावर, आणि शेवटीं जमिनीवरून बैलगाडीच्या वेगानें चालणाऱ्या लहान मुलांच्या आगगाडीवरहि! तेथें ना उंची, ना जिना, ना वेग. वाघ व मांजर एकाच जातीचीं म्हणून दोघांनाहि एकाच पिंजऱ्यांत घालावें तसा हा प्रकार होता. सेवकाला विचारलें, तर तो पुन्हां तितक्याच विनयानें म्हणाला, ‘‘सर, नियम आहे.’’

ठीक आहे, आम्ही बांकापाशीं बसूं, तुम्ही जा, असें आम्ही घरच्यांना सांगितलें. पण तीं एकदम कधींच गेलीं नाहींत. कन्या म्हणाली, ‘‘नाना, मला उंचावर चक्कर येते.’’ हीच मुलगी गेल्या पावसाळ्यांत मैत्रिणींबरोबर सह्याद्रीचे कडे चढून आली होती! ती उठते न उठते तोंच पत्नी येऊन बसली. तिला उन्हाचा त्रास होत होता. त्यानंतर चिरंजीव आला. त्याचे म्हणे पाय दुखत होते. त्यानें टोपी काढून आमच्या मांडीवर टाकली, तींतून एक चिठी पडली. वहीच्या पानाचा तुकडा, अक्षर त्याचेंच: ‘११ ते १२ ताई. १२ ते १ आई. १ ते २ मी. मग आजी.’

रुग्णालयांत परिचारिकांच्या पाळ्या लावितात तशा त्या पाळ्या होत्या, आणि बहुधा आदल्या रात्रीं आम्ही निजल्यावर ठरल्या होत्या. मागील कांहीं वर्षांचीं अनेक वाक्यें एकदम आठवलीं. ‘गर्दींत जायला कोणाला आवडतं?’ ‘सिनेमा काय, घरीं बसूनहि पाहतां येतो.’ ‘लग्नाला गेलंच पाहिजे असं कुठं आहे?’ हीं आवडीनिवडीचीं वाक्यें म्हणून आम्ही ऐकत आलों होतों. तीं सर्व त्या चिठीचींच भावंडें होतीं. कुटुंबांतला एकजण खुर्चींत बसतो तेव्हां जागेला खिळतात ते पांचजण, आणि त्यांपैकीं चौघे प्रेमाखातर तें नाकबूल करितात. आम्ही चिठीची घडी घालून ती टोपींत परत ठेविली. जन्मभर कागद तपासण्यांत घालविल्यावर एवढें कळतें कीं, कांहीं कागद केवळ वाचावयाचे असतात.

ह्याला उपाय नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंत टेक्सस प्रांतीं सॅन अँटोनिओ येथें गॉर्डन हार्टमन नांवाच्या एका घरें बांधणाऱ्या व्यावसायिकाची मॉर्गन नांवाची मुलगी जन्मतः व्यंग असलेली. एकदां सुटींत ती पोहण्याच्या तलावांत इतर मुलांशीं खेळावयास गेली, तों तीं मुलें निघून गेलीं. बापाच्या मनाला तें इतकें लागलें कीं, त्यानें २०१० सालीं तिच्या नांवानें एक करमणूक-उद्यान उभें केलें. तेथें अपंगांना प्रवेशमूल्य नाहीं. तेथल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रावर खुर्ची जशीच्या तशी चढविण्याची जागा आहे, आणि ती घोड्यांबरोबर खालींवर होते. २०१७ सालीं शेजारींच पाण्याचे खेळ निघाले. तेथें पाण्यांत भिजून बिघडूं नये म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेविल्या आहेत. मुख्य गोष्ट ही कीं, धडधाकट मुलेंहि तेथें खेळतात. चाकाच्या दोन घराण्यांची सोयरीक तेथें जुळली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्या देशांतहि कायदा आहे. १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें घेतली. त्यांत संस्कृति व करमणूक यांसाठीं स्वतंत्र कलम आहे, आणि सरकारी असो वा खाजगी, लोकांना सेवा देणाऱ्या प्रत्येकानें ती दिव्यांगांस सुगम केली पाहिजे असेंहि सांगितलें आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रतूरी यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, सुगमतेचीं मानें केवळ उपदेशवजा ठेवून भागणार नाहीं, त्यांतलीं किमान तरी बंधनकारक केलीं पाहिजेत. कायद्याच्या पुस्तकांत ‘करमणूक’ हा शब्द पाहून आम्हांला विशेष समाधान वाटलें. औषध आणि अन्न यांपलीकडेहि अपंगाला कांहीं लागतें हें शासनाला सुचलें, ही थोडी गोष्ट नव्हे.

तथापि उतरण बांधण्याइतकें सोपें नसलेलें असें एक काम उरतेंच. जत्रेनें आम्हांला हात दिले, उद्यानानें उतरण दिली. पण ‘तुम्हांला काय जमेल?’ हा प्रश्न दोन्हींकडे कोणी विचारला नाहीं. जत्रेंत आमच्या वतीनें होकार दिला गेला, उद्यानांत नकार. एकेका यंत्राचा निराळा विचार व्हावा. कोठें किती पायऱ्या, कोठें खुर्चींतून उतरावें लागतें, संकटसमयीं बाहेर कसें काढतात, हें तिकीट घेण्यापूर्वींच छापून सांगावें. आणि मग धोका पत्करावयाचा कीं नाहीं हें चार शहाण्या माणसांप्रमाणें आमचें आम्हांला ठरवूं द्यावें. भिण्याचा हक्कहि माणसाला प्रिय असतो. आगगाडीला भिऊन आम्ही मागें फिरलों असतों तर तो आमचा भित्रेपणा झाला असता, आणि घरीं येऊन मुलांनीं त्यावर आमची यथेच्छ थट्टा केली असती.

ती थट्टा आम्हांला हवी आहे. आणि हवें आहे तें त्या चिठींत एका ओळीचें स्थान. पुन्हां कधीं सगळे मिळून जाऊं तेव्हां पाळ्या खुशाल लावाव्या. पिशव्या, चपला आणि पाण्याच्या बाटल्या कोणी तरी सांभाळावयास हव्याच. परंतु तींत ‘२ ते ३ नाना’ असेंहि लिहिलेलें असावें. बाकीचा वेळ आम्ही पाळण्यांत असूं.