चिमूटभर कोळसा

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!

मागच्या सुट्टीत वर्गातले सगळे कंपन्यांमध्ये ट्रेनिंग करत होते आणि मी एका लॅबमध्ये कोळसा धूत होते. अक्षरशः! "केमिकल इंजिनिअरिंग करून कोळसा धुतेस?" आईने विचारलंच.

हा कोळसा उत्खननातल्या चुलीतला, अंदाजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन-१४ घेत राहतं. मेल्यावर तो दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला मोजला की वय कळतं.

पण आधी साफसफाई. चिमट्याने बारीक मुळं वेचायची. मग ॲसिड, अल्कली, पुन्हा ॲसिड. पहिल्या ॲसिडमध्ये चुना बुडबुडे काढत निघून जातो. अल्कलीत मातीतलं ह्युमिक ॲसिड उतरतं, पाणी थेट कटिंग चहासारखं! आजी तांदूळ धुते तसं, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचं. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून शेवटी परत ॲसिड. नंतर वाळवून, जाळून, त्या वायूचं ग्रॅफाइट करायचं. मशीनला कार्बन लागतो जेमतेम एक मिलिग्रॅम.

शेवटच्या दिवशी वाळलेल्या नमुन्यात मला एक पांढरा धागा दिसला. घाईत मीच टिश्यू पेपर वापरला होता. टिश्यू म्हणजे आजचा कार्बन! पाहिलं कोणीच नव्हतं आणि रात्रीचं घरचं तिकीट खिशात होतं. मी हिशोब केला. एक टक्का भेसळ धरली तरी वय चाळीसेक वर्षांनीच कमी दिसणार. साडेतीन हजारांत चाळीस म्हणजे किस झाड की पत्ती!

तरी जेवण जाईना. शेवटी पीएच.डी. करणाऱ्या ताईला सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. ती एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं म्हणजे तुझं वय दोनदा. अर्धा नमुना राखून ठेवलाय, पहिल्यापासून कर. आणि धाग्याचं वहीत लिही."

तिकीट रद्द झालं. आईची बोलणी खाल्ली. परत दोन दिवस तोच चहा, तेच तांदूळ.

त्या कोळशाचं वय किती निघालं, मला अजून माहीत नाही. पण वहीच्या त्या पानावर माझ्या अक्षरात माझी चूक लिहिलेली आहे. यंदा जर्नलमधली रीडिंग्ज मित्राची बघून 'ॲडजस्ट' करताना पेन थोडं अडखळतं, एवढं मात्र खरं.