खाँसाहेब आणि नारायण कांबळे

नट आणि भूमिका यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितका अभिनय मोठा, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. हे मत मला निळू फुल्यांमुळे मिळालं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, समाजवादी चळवळीत रमलेला हा माणूस पडद्यावर ‘सामना’तला हिंदूराव धोंडे पाटील व्हायचा. जुलै २००९ मध्ये ते गेले, तेव्हा गावोगावच्या बाया त्यांना प्रत्यक्षात बघूनही कशा धास्तावायच्या, हा किस्सा झाडून सगळ्यांनी लिहिला. मीही लिहिला. माणूस सज्जन, भूमिका दुर्जन. मधलं सगळं अंतर नटाच्या खात्यावर जमा.

या हिशेबाची दुसरी बाजू अर्थातच कडू होती. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहाबाहेर चहा घेताना आम्ही निकाल लावायचो : ‘त्यानं काय केलं? तो तसाच आहे.’ या वाक्यापुढे कुणाचंच अपील चालत नसे. परीक्षकांचा निकाल आमच्याशी जुळला नाही, तर परीक्षक बाहेरचे असायचे!

एप्रिल २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला. तोवर व्हेनिसच्या महोत्सवातला ‘होरायझन्स’ विभागाचा पुरस्कार आणि राष्ट्रीय पुरस्कारातलं सुवर्णकमळ त्याच्या नावावर होतं. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही पुढे तोच गेला. मुंबईतला एक म्हातारा लोकशाहीर, नारायण कांबळे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. कांबळे झाले होते आमच्या नागपूरचे वीरा साथीदार. ‘विद्रोही’चे संपादक, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, सभा-मोर्च्यांतला ओळखीचा चेहरा. मी परीक्षण लिहिलं. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींवर परिच्छेद खर्च केला, न्यायाधीश झालेल्या प्रदीप जोशींवर अर्धा. साथीदारांच्या वाट्याला एक वाक्य आलं, की त्यांना अभिनय करावाच लागलेला नाही. मला ते कौतुक वाटलं होतं.

१३ एप्रिल २०२१ ला साथीदार नागपूरच्या एम्समध्ये कोरोनाने गेले. त्या दिवशी पाडवा होता, दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती, आणि शहरात रुग्णालयाची खाट मिळणं मुश्कील झालं होतं. मी घरात बसून श्रद्धांजलीचा मजकूर केला. त्यात चळवळ होती, मासिक होतं, ‘कोर्ट’ला मिळालेले मानसन्मान होते. त्यांनी ते काम कसं केलं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. जे मुळात काम नव्हतंच, त्याबद्दल काय लिहायचं?

पुढे कधीतरी नाटकातल्या एका तरुण मित्राशी याच विषयावर वाद घालत होते. तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, मग वसंतरावांचं काय करायचं जी?’’

वसंतराव म्हणजे अर्थातच डॉ. वसंतराव देशपांडे. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह त्यांच्या नावाचं आहे, त्यामुळे नागपूरकराच्या तोंडी हे नाव रोज येतं, पण बहुतेक वेळा पत्ता म्हणून. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. बालपण नागपुरात, गाण्याचे पहिले धडे इथल्याच शंकरराव सप्रे गुरुजींकडे. शाळकरी वयात भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी, आणि मग १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच, रंजन कला मंदिरवाले. ३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले, पण खाँसाहेब म्हटलं की आजही डोळ्यांपुढे तेच येतात.

आता मित्राचा प्रश्न बघा. वसंतराव गायक होते आणि भूमिका गायकाची होती. माझ्या हिशेबाने अंतर किती? फार थोडं. तरी ‘खाँसाहेब म्हणजे वसंतराव’ हे वाक्य आमच्या घरात सर्वोच्च स्तुती म्हणून उच्चारलं जायचं. भूमिकेशी एकरूप झाले, असं आम्ही म्हणायचो. साथीदारांच्या बाबतीत त्याच गोष्टीला ‘तसेच आहेत’ म्हणून मी मोकळी झाले. एकाला बढती, दुसऱ्याला कात्री.

मी आधी बचाव केला. वसंतरावांच्या गाण्यामागे तालीम होती, सप्रे गुरुजींपासून लाहोरच्या असद अली खाँसाहेबांपर्यंत. बरोबर. मग साथीदारांच्या मागे काय होतं? उन्हात, कामावरून दमून आलेल्या माणसांपुढे उभं राहून त्यांना धरून ठेवायचं. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, समोरचा उठून जाणार हे आधी कसं ओळखायचं. दशकानुदशकं हे करणं मला रियाज का वाटलं नाही? तंबोरा लागला की तालीम, आणि चौकातली सभा म्हणजे स्वभाव, असं माझ्या डोक्यात कुणी घातलं होतं? आम्ही धरमपेठेत वाढलेली माणसं. कोणत्या घरातल्या माणसाचं येणं ‘कला’ आणि कोणत्या वस्तीतल्या माणसाचं येणं ‘जगणं’, याची वाटणी आमच्याकडे फार आधी होऊन गेली होती. जात हा शब्द त्यात कुणी उच्चारत नसे. गरज पडत नसे.

मग मी ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला, या वेळी फक्त साथीदारांना बघत. पहिल्या खेपेला मी काय पाहत होते कोण जाणे. ताम्हाणेंचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. नटाला सांभाळून घेणारे क्लोजअप नाहीत. सुरुवातीला व्यासपीठावर संभाजी भगत यांचं गाणं म्हणताना कांबळे नुसता पेटलेला आहे. पोलीस येतात, आणि त्यानंतर बराचसा सिनेमा हा माणूस खटल्याच्या एका कडेला असतो. वकील बोलतात, न्यायाधीश बोलतात, जुने कायदे वाचले जातात, तारीख पडते. ज्याच्यावर खटला आहे त्याच्याकडे करायला काही नाही. वकील घरी जातात तेव्हा कॅमेरा त्यांच्या मागे जातो, न्यायाधीशांच्या मागे सुट्टीतल्या सहलीवर जातो. कांबळेच्या मनात काय चाललंय, ते मात्र कुठेच उलगडून दाखवत नाही. उभं राहण्यातून आणि मोजक्या उत्तरांतून जेवढं कळेल तेवढंच. सभा गाजवणाऱ्या माणसाने स्वतःला इतकं विझवून ठेवायचं, ही गोष्ट ‘तसंच असण्या’त कुठे बसते? प्रत्यक्षातले साथीदार गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

शिवाय सिनेमा कसा होतो हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. ताम्हाणे टेकवर टेक घेणारे दिग्दर्शक म्हणून ओळखले जातात. पहिल्या टेकला माणूस कदाचित स्वतःसारखा असेल. दहाव्या टेकला कुणीही स्वतःसारखं नसतं; तेव्हा मघाचं आठवून, मोजून, पुन्हा नव्याने करावं लागतं. त्याला दुसरं नाव काय द्यायचं?

२०२२ च्या मार्चमध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला, तेव्हा माझं मत बदलून झालं होतं, पण आजूबाजूचं नव्हतं. गड्डीगोदामसारख्या वस्त्यांतली नागपूरची पोरं अमिताभ बच्चनसमोर उभी होती आणि हसत-हसत दृश्य खिशात घालत होती. शहरातल्या शहाण्या मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली : त्यांना कुठे काय करायचं होतं? पुढच्या वर्षी अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला तरी ती फारशी हलली नाही.

त्याच सिनेमातल्या प्रियांशू ऊर्फ बाबू छेत्रीचा ऑक्टोबर २०२५ मध्ये जरीपटका भागात खून झाला. विशीतला मुलगा. बातम्या मी नीट वाचल्या. सिनेमाचं नाव मथळ्यात होतं आणि खाली त्याच्यावरच्या जुन्या गुन्ह्यांची उजळणी. त्याने पडद्यावर काय केलं, त्याची चाल, त्याचं टायमिंग, याबद्दल एक ओळ सापडली नाही. सिनेमातला वस्तीतला पोरगा आणि मेलेला पोरगा बातमीने एकमेकांत मिसळून टाकले होते, जणू कॅमेरा बंद झालाच नव्हता. ‘तो तसाच आहे’ हे वाक्य माणूस मेल्यावर काय करतं, ते मला तिथे दिसलं.

हे नागपूरचंच नाही म्हणा. डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’मधला बाप झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी रोमच्या कारखान्यातला कामगार होता. १९४८ मध्ये सगळ्या जगाने त्याचा चेहरा डोक्यावर घेतला. तो कारखान्यात परतला, तिथून कमी केला गेला, पुढे सिनेमात काम मागत फिरला. त्याला मिळाली ती बहुतेक किरकोळ कामं. त्याला येत होतं ते ‘अभिनय’ आहे यावर निर्मात्यांचा विश्वास नव्हता. तो गेला १९८३ मध्येच, वसंतरावांच्या काही महिने आधी.

माझं मत पूर्ण फिरलं आहे असं मात्र समजू नका. रस्त्यावरून उचललेला प्रत्येक माणूस नट असतो, हे मला आजही पटत नाही. संकलकाच्या टेबलावर तगलेली कामंही मी भरपूर पाहिली आहेत. आणि ‘कोर्ट’मध्येच एक जागा आहे, जिथे माझं गाडं अडतं. मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष द्यायला येते. नवरा गटारात आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. वास सोसवत नाही म्हणून प्यायचा. हातमोजे, मुखवटा काही नव्हतं. हे सगळं ती बाई चढउतार न करता सांगते. ही भूमिका करणाऱ्या बाई स्वतः एका सफाई कामगाराच्या विधवा आहेत. त्यांनाही टेकवर टेक ते सांगावं लागलं असणार. साथीदारांच्या बाबतीत ज्या तर्काने मी बदलले, तोच इथे लावला तर त्यांना नटी म्हणायला हवं. म्हणायला जीभ रेटत नाही. आणि नाही म्हटलं, तर पुन्हा सायंटिफिकच्या बाहेर चहाचा पेला घेऊन उभी आहे मी.