‘ही कुणाला सांगते रे?’

तीन वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. नवरा गेल्यावर इद्दतीत बसलेल्या बाईची. ती बाई म्हणजे माझी खालाच. अंधेरीत गिल्बर्ट हिलजवळ, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली, ती परत आली. संपादकांनी एवढंच कळवलं, ‘माहिती चांगली आहे, कथा सापडली नाही.’

मला राग आला. आपलं जगणं या लोकांना कळतच नाही, असं वाटलं. मुस्लिम लेखकाला ही एक सोय असते. कथा परत आली की दोष कुणाचा, याचं उत्तर तयार असतं. त्या उत्तरावर मी वर्षभर बसून राहिलो.

मग एका रविवारी ती कथा अम्मीला वाचून दाखवली. ती मेथी निवडत ऐकत होती. सुरुवातीलाच खाला शेजारणीला सांगते की इद्दत म्हणजे काय, ती चार महिने दहा दिवसांची असते, या काळात बाईनं काय काय पाळायचं. शेजारीणही मुसलमानच. अम्मीनं मला थांबवलं.

‘‘ही कुणाला सांगते रे? शेजारणीला ठाऊक नाही का?’’

मला उत्तर देता आलं नाही. खाला शेजारणीशी बोलतच नव्हती. तिला पुढे करून मीच बिगरमुस्लिम वाचकाला समजावत होतो.

कथा संपल्यावर अम्मी म्हणाली, ‘‘आणि दिव्याचं कुठे गेलं?’’

दिव्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. खालूंना रात्री दिवा लागलेला चालत नसे. खालाला वाचायचा नाद. ते गेले तेव्हा ती खूप रडली. पण चार दिवसांनी हळूच म्हणाली, आता रात्री दिवा लावून वाचता येतं. हे मला आठवत होतं, तरी मी गाळलं होतं. बाहेरचे म्हणतील, बघा, यांच्यात बायकांना असंच दाबतात. आपले म्हणतील, घरातलं चव्हाट्यावर आणलं. दोघांच्या भीतीनं मी खालाला एक सोशिक, नमाजी, गोड बाई करून टाकलं होतं.

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी साहित्यात आपली माणसं दिसत नाहीत आणि दिसली तर साच्यातली असतात, ही आपली जुनी तक्रार. ती रास्त आहे. पण मी काय केलं होतं? वाईट साचा काढून चांगला साचा बसवला होता. माणूस दोन्हींत नव्हता.

त्याच दिवसांत हमीद दलवाईंची ‘इंधन’ पुन्हा वाचली. १९६५ सालची कादंबरी. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे आणि कादंबरीही कोकणातल्या गावाची. त्यांच्या सामाजिक भूमिका आपल्यातल्या अनेकांना पटत नाहीत. मलाही सगळ्या पटत नाहीत. पण कादंबरी लिहिताना ते कुणाची वकिली करत नाहीत. गावातली माणसं, हिंदू असोत की मुसलमान, आपल्या हव्यासासकट आणि भीतीसकट समोर येतात. सगळं समजावून सांगण्याची घाई तिथे नाही.

मी कथा पुन्हा लिहायला घेतली. इद्दतीचा परिच्छेद काढला. त्या जागी खाला खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारते, दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. तो विचारतो, ‘‘चाची, उतरत नाही हल्ली?’’ ती म्हणते, ‘‘अजून अकरा दिवस.’’ बस. ज्याला इद्दत माहीत आहे त्याला पुरतं. ज्याला माहीत नाही त्याला एवढं तरी कळतं की ही बाई दिवस मोजते आहे. कथेला तेवढंच हवं होतं.

आता प्रत्येक कथा मोठ्यानं वाचतो. संवाद आला की समासात पेन्सिलीनं लिहितो, ‘कुणाला?’ उत्तर ‘वाचकाला’ असं आलं तर ते वाक्य जातं. आणि जे लिहायला हात कचरतो, ते आधी लिहून बघतो. ठेवायचं की नाही, ते नंतर.

दिव्याचं मात्र खालाला न विचारता लिहिणं बरं वाटेना. अंधेरीला गेलो, विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘लिही. फक्त मला बिचारी करू नकोस.’’

कथा लिहून झाली आहे. या वेळी संपादकांकडे पाठवण्याआधी खालाला वाचून दाखवायची आहे. दोन रविवार झाले, अजून गेलो नाही.