गोडं पाणी

शेगावच्या स्टेशनावर उतरलेली माणसं कुणाला वाट विचारत नाहीत. महाराष्ट्र एक्सप्रेसमधून माझ्याबरोबर उतरलेला जवळजवळ सगळा डबा मंदिराच्या दिशेनं चालू लागला. प्रगट दिनाचा आदला दिवस होता. 23 फेब्रुवारी 1878 ला, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ही तिथी आमच्या भागातल्या माणसांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्की ठाऊक असते. मी मात्र स्टँडवर गेले आणि वरवट बकालच्या गाडीत बसले. तीन वर्षांत मी शेगावच्या मंदिराची पायरी चढले नव्हते. आजही चढायची नव्हती. पर्समध्ये घराचा नमुना आठचा उतारा होता, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, आणि दोन दिवसांत परत जायचं होतं.

शेगाव ते वरवट बकाल हे अंतर वीस-बावीस किलोमीटरांचं. गाडी उत्तरेला जाते आणि समोरून दिंड्या येत असतात. टाळ, पताका, डोक्यावर पदर आणि पदरावर पिशवी, बायांच्या पायांत चपलांऐवजी नुसती धूळ. दोन्ही बाजूंना काळी वावरं. तूर निघालेली, तुराट्यांचे भारे बांधावर रचलेले. कुठं हरभरा पिवळा पडलेला, तर कुठं फरदडीचा उरलासुरला कापूस पऱ्हाटीला चिकटलेला. खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडली की मला लहानपणी घर आल्यासारखंच वाटायचं. मग समोर, अगदी क्षितिजाला टेकून, सातपुड्याची निळी रेघ. तिच्या कुशीत अंबाबरव्याचं जंगल, पायथ्याला संत्र्याच्या बागा आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्याकडे मात्र खारं पाणी.

हे खारं पाणी बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खोलगट भागात पूर्णेनं हजारो वर्षं गाळ आणून टाकला. त्या गाळातल्या क्षारांना वाहून जायला वाट नाही. म्हणून अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा खारपाणपट्टा तयार झाला. पुस्तकात हे एवढ्यात आटोपतं. घरात ते आटोपत नाही. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, न्हाल्यावर केसांच्या दोऱ्या होतात. पितळी घागरीच्या तळाला पांढरा थर धरतो. चिंचेनं घासला तर तेवढ्यापुरता जातो, पंधरा दिवसांत पुन्हा हजर. म्हणून घरात दोन पाणी असायची, वापरायचं आणि प्यायचं. माझं सगळं लहानपण 'त्या घागरीत हात घालू नको, ते गोडं पाणी हाय' हे ऐकण्यात गेलं. पुढे वान नदीवरच्या हनुमान सागर धरणातून 140 गावांची योजना आली, नळ आले. तो नळ चार-आठ दिवसांनी यायचा, पण येताना गोडं पाणी आणायचा. पहिल्या दिवशी आईनं नळाला हळद-कुंकू वाहिलं होतं.

आईच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिली गोष्ट मोजून दिली ती पाणी. दिवसाला एक लिटर. त्यातच चहा, त्यातच वरणातलं पाणी, त्यातच गोळी गिळायचा घोट. आमच्या गल्लीत तिच्याआधी दोघं याच आजारानं गेले होते. त्यामुळे कुणी फारसं विचारलं नाही, सगळ्यांनी नुसती विहिरीकडे मान हलवली. मी तिला पुण्याला नेलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पुण्यातलं पाणी तिनं तोंडात घोळवलं आणि म्हणाली, 'याले काही चवच नाही.' मला त्या वाक्याचा राग आला होता, खराखुरा राग. ज्या पाण्यानं हे केलं त्याचीच चव आठवत बसायची? मग एका रविवारी मी आंघोळ करून श्रीगजाननविजय हातात घेतला आणि दासगणूंचे एकवीसही अध्याय एका बैठकीत वाचले. आई जाऊ नये यासाठी. तिसऱ्या आठवड्यात आई गेली. तेरावं वरवटला केलं, घराला कुलूप लावलं, आणि पोथीवाल्या घरातली मी, पोथीकडे पाठ करून बसले.

वरवट बकालच्या फाट्यावर उतरले तर तीच गर्दी. तालुक्याचं गाव संग्रामपूर, पण पंचक्रोशीचा बाजार वरवटला. कापड, खत, बियाणं, भांडी, सोनार, सगळं इथं. बकाल म्हणजे वाणी, म्हणून हे वाण्या-व्यापाऱ्यांचं वरवट, आणि शेजारी वरवट खंडेराव आहे ते वेगळं, असं बाबा पाहुण्यांना हौसेनं सांगायचे. मी मान खाली घालून गल्लीत शिरले. रिकाम्या घरापुढे उभं राहताना कुणी बघू नये असं वाटत होतं.

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. मागून आवाज आला, 'उघडत नसन तं जरासं तेल सोड वं. थांब, आणतो.' आमच्या वऱ्हाडी बाया 'आणतो', 'जातो' असंच बोलतात. शेजारच्या मावशी. पाठीतून वाकलेल्या, हातात गोडेतेलाची वाटी. त्यांनीच कुलूप उघडलं, आणि 'माय नाही म्हणून बिचकू नको' असलं काही न बोलता त्या सरळ पुढे होऊन आत शिरल्या.

घर धाब्याचं. वर पांढऱ्या मातीचा थर, खाली सागाच्या कड्या. 2023 च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांवर आभाळ फाटलं, वावरंच्या वावरं खरडून गेली, ते मी पुण्यात बातम्यांत पाहिलं होतं. घराचं काय झालं हे विचारायला फोन केला नव्हता. पडलं तर पडू दे, अशा मनःस्थितीत होते. आता दिसलं ते असं : न्हाणीकडची मागची भिंत खरंच बसली होती, आणि तिच्या जागी पऱ्हाट्यांचा कूड घालून तो शेणामातीनं लिंपलेला होता. लिंपणावर बोटं उमटलेली होती. बारीक बोटं, बाईमाणसाची.

'मावशी, भित पडली तं सांगितलं काऊन नाही?'

'तुले सांगून काय भित उभी राह्यली असती? तिकडं एकटीच रडत बसली असती.'

मी ओसरीवर बसले. एवढा वेळ जे आवरून धरलं होतं ते त्या कुडाकडे बघून सुटलं. आईच्या तेराव्यालाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं बघायचं होतं. मावशींनी मला थोपटलं नाही. त्या केरसुणी घेऊन ओसरी झाडत राहिल्या, माझ्याजवळ आल्या की म्हणायच्या, 'पाय वर घे.' मी रडत रडत पाय वर घेत होते.

संध्याकाळी मी देवळीतली पोथी काढली. आई पुण्याला निघाली तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत परत येऊ म्हणून तिनं ती तिथंच ठेवली होती. लाल फडकं उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडलं होतं. गाठ सोडली तर पोथी आपोआप पाचव्या अध्यायावर उघडली. आईची पोथी तिथं उघडणारच, तिची ती ठरलेली जागा. अकोलीच्या भास्कर पाटलाची कथा. महाराज भर उन्हात तहानलेले त्याच्या वावरात येतात आणि पाणी मागतात. भास्कराकडे घागर भरलेली असते, पण ती त्यानं लांबून आणलेली, म्हणून तो नाही म्हणतो. मग महाराज बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीकाठी जाऊन बसतात आणि त्या विहिरीला पाणी फुटतं. पारायणाला बसलेल्या बाया विहिरीचा झरा आला की हात जोडायच्या. आई त्याच्या आधीच थांबायची. चष्मा काढायची आणि म्हणायची, 'त्यानं घागर दिली असती तं?' लहानपणी मला हा प्रश्न बावळट वाटे. घागर दिली असती तर चमत्कारच झाला नसता, अध्याय तिथंच संपला असता. आईला तेच म्हणायचं होतं की काय, हे विचारायला आता ती नाही. पण मी पुण्यात एकवीस अध्याय वाचले ते सगळे विहिरीच्या काठावर बसून वाचले, झरा फुटतो का ते बघत. आई आयुष्यभर भास्कराच्या घागरीपाशी बसून होती. देव काय देतो, यापेक्षा मागणारा दारात आला तर आपण काय करतो, याची तिला काळजी. एकाच घरात, एकाच पोथीत आमच्या दोघींच्या जागा इतक्या वेगळ्या होत्या, हे मला कधी कळलं नव्हतं.

त्या पानात खुणेला कालनिर्णयचा फाटका तुकडा होता. कोऱ्या जागेत आईचं अक्षर, वर 'सप्तमी'. खाली :

6 चहा अर्धा कप
9 गोळी, 2 घोट
11 पाव पेला
1 वरण
3 गोळी, 2 घोट
5 घेतलं नाही

ती पुण्याला निघायच्या आधीची शेवटची सप्तमी. त्या दिवशी ती काय करत होती ते मला ठाऊक होतं, कारण दर वर्षी ती तेच करायची. सातपुड्याच्या पायथ्याकडून, जळगाव जामोदकडून शेगावला पायी निघालेली माणसं आमच्या गावातून जातात. त्यांच्यासाठी आई ओट्यावर रांजण भरून ठेवायची. मातीचा मोठा रांजण, भोवती ओलं गोणपाट, वर लाकडी झाकण, दांडीचा पितळी तांब्या. पाणी नळाचं, आठवडाभर घरात जपून साठवलेलं. पहाटे चारपासून ती तिथं उभी राहायची आणि वरून धार धरायची, माणसं ओंजळीनं प्यायची. त्या सप्तमीलाही उभी असणार. शेकडो ओंजळी भरल्या असतील, आणि मधेच आत येऊन पेन्सिलीनं लिहिलं असेल, '11 पाव पेला.' पाच वाजता तिनं का घेतलं नाही हे मी त्या रात्री किती वेळ शोधत होते. लिटर संपला होता, की तिला आठवणच राहिली नाही? तो तुकडा मी दिव्यापाशी धरला. पाचच्या ओळीतल्या अक्षरांत घाई दिसते. 'नाही'ची वेलांटी दोनदा गिरवली आहे.

हा तुकडा वाचून देवाचं आणि माझं काही मिटलं, असं मी म्हणणार नाही. आई गेली ती गेली. जी प्रार्थना मी केली ती ऐकली गेली नाही, हे मी आजही तितक्याच जोरानं म्हणेन. पण मी त्या रात्री दिव्यात तेल घातलं आणि पाचवा अध्याय मोठ्यानं वाचला. कशासाठी, याला उत्तर नव्हतं. आईसाठी वाचताना आवाज थरथरायचा, शब्द चुकला तर काही बिघडेल अशी भीती वाटायची. या वेळी दोन ठिकाणी चुकले, मागं जाऊन पुन्हा वाचलं. बाहेर मावशींच्या ओट्यावर बादल्यांचा आवाज होता.

पहाटे उठून बघते तर आईचा रांजण मावशींच्या ओट्यावर. तोच, काठाला टवका गेलेला. धुतलेला, गोणपाट बांधलेला, गळ्यापर्यंत भरलेला.

'हा कवा नेला, मावशी?'

'पहिल्याच साली. माय गेली म्हून काय रांजण कोल्डा ठेवाचा?'

तीन सप्तम्या. मी पुण्यात त्या दिवशी मुद्दाम ऑफिसचं काम काढून बसायचे. इथं एक बाई, जिची पाठ सरळ होत नाही, स्वतःच्या घरचं नळाचं पाणी वाचवून आईचा रांजण भरत होती. ना मला कळवलं, ना फोटो पाठवला, ना आईचं नाव त्यावर घातलं. तेराव्याला गुरुजींनी सांगितलेलं सगळं मी केलं होतं. आईला पोचलं असेल तर हे पोचलं असेल, असं मला आता वाटतं. आणि असं वाटू शकतं, एवढंही माझ्याजवळ तीन वर्षं नव्हतं.

घर मी विकलं. ते लिहायला हवं. मागची भिंत बांधायची तर सगळं धाबं उतरवावं लागेल, आणि मी इथं राहणार नाही. नमुना आठचा उतारा दुसऱ्या दिवशी ज्याला द्यायचा त्याला दिला. फक्त रांजण व्यवहारात नाही, तो मावशींचा, हे आधी सांगून टाकलं. पोथी मी बरोबर आणली, लाल फडक्यासकट. कालनिर्णयचा तुकडा जिथं होता तिथंच ठेवलाय.

पण हे सगळं नंतर. त्या पहाटे अजून झुंजुमुंजू झालं नव्हतं. सातपुड्याकडून गार वारा सुटला होता, आणि लांबून टाळ ऐकू येऊ लागले होते. मावशींनी तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. 'मले आता वाकवत नाही,' म्हणाल्या. पहिली दिंडी गल्लीच्या तोंडाशी आली. पुढे एक म्हातारा, पताका खांद्याला, पायाला चिंधी बांधलेली. तो ओट्यापाशी थांबला, रांजणाकडे पाहिलं, आणि या पट्ट्यातला प्रत्येक माणूस परक्या दारात पाणी पिण्याआधी जे विचारतो तेच त्यानं विचारलं.

'बाई, गोडं हाय काय?'

'गोडं हाय, माउली,' मी म्हणाले. त्यानं ओंजळ पुढे केली. मी वाकून धार धरली.