संशय आणि सद्भावना

जेऊरच्या स्टेशनाकडे सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या आम्हां वृद्धांत परवां एका स्नेह्यांनीं प्रश्न काढला. “मास्तर, एखाद्या मुलाशीं कोणी अभद्र वर्तन करीत आहे असा संशय आला, पण पुरावा हातीं नाहीं. पोलिसांस कळवावें, आणि उद्यां अब्रुनुकसानीची फिर्याद आपल्यावरच यावी! मग?” गृहस्थ सज्जन, आणि सज्जनांनाच फिर्यादीची भीति अधिक.

या भीतीला कायद्यांत उत्तर आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, ज्याला लोक ‘पोक्सो’ म्हणतात, त्याच्या कलम १९ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे कीं, सद्भावनेनें खबर देणारावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कसलेंच दायित्व येत नाहीं. अपराध घडल्याचें ठाऊक असलेंच पाहिजे असेंही नाहीं. तो घडेल अशी धास्ती वाटली तरी खबर देतां येते. पोलिसांनीं ती लिहून घ्यावयाची, तिला नोंद क्रमांक द्यावयाचा आणि देणारास वाचून दाखवावयाची.

तर्कसंग्रह शिकतांना आम्ही पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करीत असूं. येथें तेवढेंही करावयाचें नाहीं. धूर दिसला एवढें सांगावें. पर्वत चढून पाहणें पोलिसांकडे. मात्र भाऊबंदकीचा सूड उगविण्यास जाणून बुजून खोटी खबर दिली, तर कलम २२ अन्वयें शिक्षा आहे.

मौनाला मात्र कसलेंच संरक्षण नाहीं. माहीत असून न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. हाताखालच्या मनुष्याचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथें वसतिगृहांतील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीं ते कळविलें नाहीं, असा आरोप होता. उच्च न्यायालयानें त्यांच्यावरील फिर्याद रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तो निर्णय फिरविला.

आपल्यासारख्या भरल्या घरांतून प्रश्न अधिक अवघड होतो, कारण अशा बहुतेक प्रकरणांत अपराधी परका नसतो. नात्यागोत्यांतला किंवा ओळखीचाच निघतो. मग वडील माणसें घराच्या अब्रूचें नांव पुढें करितात. मुलाच्या दुःखाहून मोठी अशी ही अब्रू कोणती, हें मला अद्याप कोणी समजावून दिलेलें नाहीं. शिवाय मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास याच कायद्याची मनाई आहे. पोलिसांनीं जबाब घ्यावयाचा तोही मुलाच्या घरीं किंवा त्याला बरें वाटेल तेथें, अंगावर गणवेश न घालतां. आणि रात्रीं त्याला ठाण्यावर ठेवून घेतां येत नाहीं.